थर एकमेकांत घुसतात तेव्हा

तापी आणि गोमाईच्या संगमावरची प्रकाशा गावाची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, भारतीय पुरातत्त्व खात्याने १९५४-५५ मध्ये खणली. खणणारे होते बी. के. थापर. गाव तेव्हा पश्चिम खानदेशात होतं, पुढे धुळे जिल्ह्यात आलं आणि १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. थापरांचा अहवाल खात्याच्या ‘एन्शंट इंडिया’ या नियतकालिकाच्या २०-२१ या जोडअंकात आला. तो छापून हाती पडेपर्यंत १९६७ उजाडलं. ताम्रपाषाण युगातल्या शेतकऱ्यांपासून मध्ययुगाच्या सुरुवातीपर्यंतचे चार कालखंड त्यात मांडलेले आहेत. या मांडणीचा सगळा भार छेदचित्रांवर आहे. खड्ड्याची उभी भिंत, तिच्यात दिसलेले थर, प्रत्येक थराला दिलेला आकडा.

आता धुळ्याच्या किंवा जळगावच्या एखाद्या महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीला हीच पांढरी संगणकाच्या पडद्यावर उभी करायची आहे, असं समजा. महागडं सॉफ्टवेअर घ्यायला विभागाकडे पैसे नाहीत. पण क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि २०१८ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीपासून त्यात त्रिमिती खिडकीही आहे. ती अहवालातलं चित्र स्कॅन करते, थरांच्या कडा माउसने गिरवते, खोलीचे आकडे भरते आणि खिडकी उघडते. बहुतेक वेळा पहिल्यांदा काहीच दिसत नाही. थोड्या खटपटीनंतर दिसतात ते थर आकाशात लोंबकळत असतात. आणखी खटपट केल्यावर ते जमिनीत येतात, पण एकमेकांना भोसकून आरपार जातात: ताम्रपाषाण काळाची जमीन मध्येच वर उसळते आणि तिच्याहून दोन हजार वर्षांनी धाकट्या थराच्या डोक्यावर जाऊन बसते.

माझं म्हणणं असं आहे की या बिघाडांत दोन जाती आहेत. एक जात दुरुस्त करायची असते. दुसरी जात दुरुस्त करायची नसते, ती दाखवायची असते. आणि आपल्याकडे, विशेषतः जिथे ‘डिजिटल वारसा’ या नावाखाली चकचकीत चित्रफिती हव्या असतात तिथे, दोन्हींवर सरसकट एकच उपाय केला जातो: चित्र गुळगुळीत होईपर्यंत बटणं दाबत राहायचं.

पहिली जात आधी उरकून घेऊ. ती कंटाळवाणी आहे, पण तिच्यातही शिकण्यासारखं आहे.

क्यूजीआयएसला प्रत्येक बिंदूचा क्ष, य आणि झेड लागतो. आपण खोली तक्त्याच्या एका रकान्यात लिहितो आणि समजतो की संगणकाला ती कळली. त्याला ती कळलेली नसते. रकान्यातला आकडा ही नुसती माहिती असते, आकाराचा भाग नसते, आणि मग सगळे थर शून्य उंचीवर एकाच चटईसारखे पडून राहतात. रकाना झेड म्हणून जोडला तर पुढची अडचण येते. उत्खननात खोली वरून खाली मोजतात, म्हणून दहा फूट म्हणजे दहा फूट खाली. संगणकाला अधिक दहा म्हणजे वर. सगळी पांढरी उलटी होते, सर्वांत जुना थर सर्वांत वर. उणे चिन्ह लावलं की ती सरळ होते, पण तेवढ्याने भागत नाही, कारण ती खोली कुठून मोजली होती? टेकाडाच्या माथ्यापासून, उताराच्या मधून, की खुंटीपासून? पांढरीचा पृष्ठभाग सपाट नसतो. ‘पृष्ठभागापासून आठ फूट’ या नोंदीचे दोन खड्ड्यांत दोन अर्थ होतात.

मग उंची कशाला धरून ठेवायची याचं सेटिंग. थरांची उंची समुद्रसपाटीपासून दिली असेल आणि सॉफ्टवेअर ती ‘जमिनीपासून’ समजत असेल तर जमिनीची उंची दोनदा मिळवली जाते. धुळं समुद्रसपाटीपासून साधारण अडीचशे मीटरवर आहे. म्हणजे तिथला खड्डा आणखी अडीचशे मीटर वर हवेत. उलट प्रकार जीपीएसने होतो. उपग्रहावरून येणारी मूळ उंची ही समुद्रसपाटीपासूनची नसून पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते, आणि आपल्या भागात हे दोन पृष्ठभाग पन्नास-साठ मीटरने वेगळे पडतात. ती दुरुस्ती राहिली की अख्खं उत्खनन जमिनीच्या पोटात गडप होतं, आणि बिचारी विद्यार्थिनी पडद्यावर रिकामं शेत बघत बसते.

प्रक्षेपाची गोष्ट तशीच. स्थानं अक्षांश-रेखांशांच्या अंशांत ठेवली तर दहा मीटर रुंदीचा खड्डा अंशाच्या दहा हजाराव्या भागाइतका होतो. खोली मात्र मीटरमध्ये. अशा मिसळीतून कुठलाच आकार निघत नाही, म्हणून क्यूजीआयएसची त्रिमिती खिडकी बरीच वर्षं अंशांवर चालतच नसे. मीटरमधला प्रक्षेप लागतो. इथे खानदेश नशीबवान आहे: यूटीएम या मीटरमधल्या प्रक्षेपाच्या ४३ व्या पट्ट्याचं मधलं रेखावृत्त ७५ अंश पूर्व, आणि ते धुळे आणि जळगाव यांच्या मधून, अमळनेरच्या जवळून जातं. पट्ट्याच्या काठावर होणारी ओढाताण इथे जवळजवळ नाही. ज्याला प्रक्षेपांचा धडा शिकवायचा असेल त्याने अमळनेरला जावं.

आणि जमिनीचा नकाशा. फुकट मिळणारा उंचीचा आराखडा म्हणजे २००० साली अवकाशयानाने घेतलेला एसआरटीएम. त्यातला एक चौकोन तीस मीटरचा. शंभर मीटर रुंदीच्या पांढरीला त्यात तीन-चार चौकोन येतात, आणि त्यातली उंचीची चूक काही मीटरची असू शकते. ज्या थरांची जाडी बोटांनी आणि वितींनी मोजायची त्यांना हे छप्पर कसं पुरणार? शिवाय ते छप्पर अपारदर्शक असतं. खालचं सगळं झाकतं. उपाय साधा आहे. त्या भूभागाचा नाद सोडावा, ते छप्पर बंद करावं आणि पांढरीची स्वतंत्र मोजणी करावी.

हे सगळे बिघाड दुरुस्त करण्याजोगे आहेत आणि दुरुस्त केलेच पाहिजेत. पण त्या प्रत्येकाने विचारलेला प्रश्न बघा: कुठून मोजलं, कोणत्या एककात, कोणत्या पातळीला धरून. कागदावर छापलेल्या छेदचित्रासमोर हे प्रश्न आपण विचारत नाही. चित्र सुबक असलं की मान डोलावतो. संगणक मान डोलावत नाही. एवढ्यासाठी तरी त्याचे आभार मानायला हवेत.

आता दुसरी जात.

थापर हे मॉर्टिमर व्हीलर यांच्या तालमीतले. व्हीलर १९४४ ते १९४८ या काळात पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते, आणि १९४४ मध्ये तक्षशिलेला त्यांनी चालवलेल्या प्रशिक्षण वर्गातून भारतीय पुरातत्त्वज्ञांची एक पिढी घडली. चौकोनी खड्डे, त्यांच्यामध्ये राखलेले मातीचे बांध आणि त्या बांधांच्या उभ्या भिंती ही त्या शिस्तीची ओळख. पुरावा भिंतीत असतो, ही तिची श्रद्धा. प्रकाशाचा अहवाल हे त्या श्रद्धेचं फळ आहे.

नकाशाचं सॉफ्टवेअर मात्र दुसऱ्या घराण्यातलं. ते जमिनीकडे वरून बघतं. त्याचे पूर्वज म्हणजे महसुलाचे नकाशे, गटवारी, रस्ते, नद्या. एका जागेला एक उंची एवढंच त्यांना ठाऊक. क्यूजीआयएसच्या आत आकारांची भूमिती करणारं जे यंत्र आहे ते मुळात दोन मितींत विचार करतं, झेड बाजूला ठेवतं. अशा यंत्राला खड्ड्याची उभी भिंत दिली तर वरून ती नुसती रेघ दिसते: क्षेत्रफळ शून्य. ते तिला सदोष आकार ठरवतं आणि दोन थर एकमेकांना छेदतात का हा प्रश्न सोडवायला नकार देतं. प्रकाशाच्या अहवालातला सगळ्यांत मोलाचा पुरावा या यंत्राच्या हिशेबी अस्तित्वातच नाही. मग लोक काय करतात? भिंत सोडून देतात आणि तिच्यावरून आडवे थर कल्पून चादरीसारखे पसरतात, कारण आडवी चादर यंत्राला आवडते. पुरावा यंत्राच्या सोयीने आडवा केला जातो. उपाय आहेत: भिंतीचं स्वतंत्र आडवं चित्र करून त्यातच मोजमापं करणं, किंवा भिंतीला काही सेंटीमीटर जाडी देऊन तिचा ठोकळा उभा करणं. दोन्ही थोडे ओबडधोबड आहेत, पण त्यांत भिंत भिंतच राहते.

चादर पसरताना खरी गंमत होते. एका खड्ड्यात थर इतका खोल, दुसऱ्या खड्ड्यात तितका खोल. मधल्या जागेचं काय? सॉफ्टवेअर मधलं भरून काढतं. त्याच्या पद्धती अनेक आहेत, काही साध्या, काही भारदस्त गणिताच्या. पण सगळ्यांचा गाभा एक: जवळच्या जागा सारख्या असतील असं धरायचं. हे गृहीतक कुठून आलं? खाणकाम आणि भूशास्त्रातून, जिथे थर मैलोन्‌मैल अंथरलेले असतात आणि भोकं पाडून त्यांचा अंदाज घेता येतो. खानदेशातही असं स्थळ आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये खणलं तेव्हा पुराश्मयुगाचे थर एकावर एक मिळाले. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी, कोरीव नक्षीचा तुकडा, आणि त्या कवचाचं वय सुमारे पंचवीस हजार वर्षं. पाटण्याचे थर पाण्याने आणि उतारावरून आलेल्या गाळाचे, खड्यांचे आहेत. तिथे निसर्गाने अंथरलं, माणूस त्यावर बसून उठून गेला. दोन जागांमधलं गणिताने भरलं तर ते फारसं खोटं ठरणार नाही.

पण त्याच तालुक्यात गिरणेच्या काठावर बहाळ आहे. पुरातत्त्व खात्याच्या म. न. देशपांडे यांनी ते १९५२-५३ आणि १९५६-५७ मध्ये खणलं. नदीपलीकडच्या टेकवाड्याला ताम्रपाषाण काळाची दफनं मिळाली. बहाळसारखी पांढरी निसर्ग घडवत नाही, माणसं घडवतात. ती भिंत पाडतात, विटा-माती सपाट करतात, त्यावर शेणाने सारवलेली जमीन करतात, धान्यासाठी बळद खणतात, राखेचा खड्डा करतात, शंभर वर्षांनी कोणीतरी पायासाठी खंदक खणतो आणि खालचे तीन थर कापून टाकतो. साक्री तालुक्यातल्या कवठ्याला तर माणसं खड्ड्यातच राहायची: डेक्कन कॉलेजच्या ढवळीकर, शिंदे आणि अत्रे यांनी सावळदा या ताम्रपाषाण संस्कृतीची ती वस्ती खणून १९९० मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात जमिनीत खणलेली घरं आहेत. अशा जागी ‘जवळच्या जागा सारख्या असतात’ हे वाक्य म्हणजे धडधडीत असत्य. खड्ड्याच्या काठापासून एका वितीवर काळ बदलतो.

यात काळ्या मातीची भर घाला. आपल्या नद्यांकाठच्या वस्त्या बहुतेक काळ्या जमिनीवर बसल्या. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. वरची खापरी, मणी, बी भेगेतून खाली जातं. खोली हीच काळाची खूण मानून आपण प्रत्येक वस्तूला झेड दिला, तर तो मणी कायमचा चुकीच्या शतकात राहायला जातो. हे सॉफ्टवेअरचं पाप नाही. पण त्रिमितीत मांडल्यावरच ते टोचतं: मणी एकटाच, भोवती त्याच्या काळाचं काही नाही.

आणखी एक फसवणूक जाडीची. पडद्यावर जाड थर म्हणजे मोठा काळ असं डोळ्याला वाटतं. पुराचा हातभर गाळ एका रात्रीत येतो. उलट, नेवाशाला ताम्रपाषाण वस्ती उजाड झाल्यावर पुन्हा माणूस राहायला येईपर्यंत शतकं गेली. ती शतकं जाडीत किती? जवळजवळ काही नाही, एक पृष्ठभाग. एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या उत्खननाच्या कागदांवर काम करताना नेमकं हेच ओळखलं की मातीच्या थरांइतकेच त्यांच्या मधले पृष्ठभाग, कापलेले काठ हेही घटना आहेत, त्यांनाही स्वतंत्र क्रमांक द्यायला हवेत. त्यांनी काढलेला तक्ता त्रिमिती नाही, चित्रही नाही. चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा: हे आधी, हे नंतर. मला वाटतं, ज्याला त्रिमिती पांढरी उभी करायची आहे त्याने आधी हा कोरडा तक्ता कागदावर करावा. पडद्यावरचे थर जिथे एकमेकांत घुसतात तिथे तक्ता बोट ठेवून सांगतो की कोणतं नातं मोडलं.

आता त्या घुसण्याकडे वळू. प्रत्येक थराचा पृष्ठभाग स्वतंत्रपणे पसरवला की मोकळ्या जागेत दोन चादरी एकमेकींना ओलांडतात. अनेकदा त्याचं मूळ आकड्यांत असतं. जुन्या पद्धतीत थरांना वरून खाली क्रमांक देत, आणि हे क्रमांक त्या त्या खड्ड्यापुरते असू शकत. एका खड्ड्यातला सातवा थर आणि पलीकडच्या खड्ड्यातला सातवा थर यांचा एकमेकांशी काही संबंध असेलच असं नाही. विद्यार्थिनीने तक्त्यात ‘थर ७’ असं एकच नाव दिलं की संगणक दोन अनोळखी थरांचं लग्न लावून देतो. चादरी ओलांडतात, पडदा फाटतो.

इथे दोन वाटा फुटतात. सोपी वाट: रास्टर गणकात एक सूत्र लिहायचं, ‘खालचा थर वर गेला तर त्याला दाबून वरच्याच्या खाली ठेवा’. एका ओळीचं काम. पडदा शिवला जातो, चित्र देखणं होतं, अहवालाच्या मुखपृष्ठावर जातं. अवघड वाट: परत अहवालाकडे जायचं, दोन भिंतींतले थर रंग, पोत, खापऱ्यांवरून ताडून बघायचे, आणि ते जुळत नसतील तर मधली जागा कोरी ठेवायची. पहिली वाट मी गैरव्यवहार मानतो. शब्द कडक आहे, पण जाणूनबुजून वापरतो. जिथे कोणी खणलं नाही, कोणी पाहिलं नाही, तिथे जमीन दाखवायची आणि ती दाखवताना कुठेही खूण ठेवायची नाही, याला दुसरं काय म्हणायचं?

धुळ्यात हे सांगायला लांब जावं लागत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच गावात देह ठेवला, आणि त्यांनी गोळा केलेल्या कागदांभोवती पुढे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापणाऱ्या पिढीने आपल्याला जी शिस्त दिली तिचा पहिला नियम असा की कागद फाटला असेल तर फाटलेल्या जागी टिंबं छापायची. संपादकाला पुढचं अक्षर ओळखू येत असेल, त्याची खात्रीही असेल, तरी ते कंसात किंवा टीपेत. मूळ मजकुरात घुसडायचं नाही. मोडी कागदाचा संपादक ज्या गोष्टीसाठी वाळीत पडेल तीच गोष्ट त्रिमिती चित्र करणारा माणूस रोज करतो, आणि त्याला पारितोषिक मिळतं. माती हाही कागदच आहे. फक्त तो वाचताना फाडावा लागतो, म्हणून एकदाच वाचता येतो. टिंबांचा नियम तिथे अधिक कडक हवा.

यावर दोन आक्षेप येतात. दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा: पुरातत्त्वज्ञ नेहमीच अंदाज बांधत आले. छेदचित्रातली रेघसुद्धा निसर्गात नसते. माती हळूहळू रंग बदलते, रेघ माणूस मारतो. मग संगणकाच्या अंदाजावरच एवढा राग का? खरं आहे, रेघ हा अर्थ आहे. पण ती रेघ भिंतीसमोर उभं राहून, करणीने माती खरवडून, पाणी शिंपडून, रंग बघून मारलेली असते, आणि अहवालावर खणणाऱ्याचं नाव असतं. चुकली तर कोणाला विचारायचं ते ठाऊक असतं. गणिताने भरलेल्या पृष्ठभागावर सही नाही. पद्धतीचं नाव, तिचे आकडे, किती बिंदूंवरून तो काढला हेसुद्धा बहुतेक चित्रांत लिहिलेलं नसतं.

दुसरा आक्षेप लोकांच्या बाजूचा आहे, आणि तो मला जास्त भिडतो. पांढरीवर राहणाऱ्या गावकऱ्याला, शाळेतल्या मुलाला छेदचित्र दाखवून काय उपयोग? त्याला चित्रच हवं. खानदेशातल्या पांढऱ्या दिवसागणिक कमी होताहेत. शेत सपाट करायला, वीटभट्टीला, शेताला खत म्हणून ही माती ट्रॅक्टरने जाते. गावाला आपल्या पायाखाली काय आहे हे देखणेपणाने दाखवलं तर कदाचित एखादं टेकाड वाचेल. मान्य. दाखवा. पण जे पाहिलं ते भरीव रंगात आणि जे धरलं ते फिकट, आरपार दिसणारं, असं दाखवा. मुलांना हा फरक कळत नाही असं समजणं हा त्यांचा अपमान आहे. खणलेल्या दोन अरुंद पट्ट्यांच्या मध्ये केवढी मोठी पांढरी अजून न वाचलेली आहे, हे गावाला दिसलं तर ती राखायचं कारण उलट जास्त ठळक होतं. पूर्ण भरलेलं, गुळगुळीत टेकाड बघणाऱ्याला वाटतं की सगळं कळून झालं, आता माती नेली तरी चालेल.

थर हरवला की काय होतं याचा धडा महाराष्ट्राला दायमाबादने दिला आहे. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या त्या गावात ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: बैलांचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. भारतीय कलेतली ही अद्वितीय चीज. पण ती उत्खननात नव्हे, झाडाचं मूळ खणताना सहज हाती लागली. नंतर साळींनी तिथे १९७५-७६ पासून पद्धतशीर उत्खनन केलं. सावळदा संस्कृतीपासून जोर्वे संस्कृतीपर्यंत पाच टप्पे उलगडले आणि या वस्तू उत्तर हडप्पा टप्प्यातल्या असाव्यात असं मांडलं गेलं. तरी त्यांच्या काळाबद्दलचा वाद मिटलेला नाही, कारण त्यांच्याभोवतीची माती कोणी वाचली नव्हती. उद्या एखाद्याने दायमाबादचं त्रिमिती चित्र केलं आणि तो रथ ठसठशीतपणे एका थरात ठेवला, तर पन्नास वर्षांचा वाद एका क्लिकने मिटवल्यासारखा दिसेल. प्रामाणिक चित्रात त्या रथाला झेड नसावा.

मुक्त सॉफ्टवेअरबद्दल आता थोडं. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेलं क्यूजीआयएस आज जगभरची माणसं मिळून चालवतात. ते फुकट आहे हा त्याचा सगळ्यांत छोटा गुण. मोठा गुण हा की मधली जागा त्याने कशी भरली हे उघडून वाचता येतं, आणि प्रकल्पाची फाइल दुसऱ्याच्या हाती दिली तर तोही तेच पावलापावलाने करून बघू शकतो. पुराव्याच्या शास्त्राला हेच हवं. पण साधन मोकळं असून काय उपयोग, जर साधनात घालायची सामग्री कुलपात असेल? पुरातत्त्व खात्याच्या ‘इंडियन आर्किऑलॉजी – अ रिव्ह्यू’ या वार्षिकात बहाळसारख्या स्थळाला मिळतात थोडीशी पानं. त्यामागे असतात क्षेत्रवह्या, मूळ मापाची छेदचित्रं, खड्ड्यांचे आराखडे, छायाचित्रं. ती त्रिमितीच्या दृष्टीने छापील सारांशाच्या शंभरपट मोलाची. तो कागद जीर्ण होतो आहे. आणि खड्डा नेमका कुठे होता हे दाखवू शकणारी गावातली माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत.

म्हणून विनंती अशी. उत्तर महाराष्ट्रातली विद्यापीठं-महाविद्यालयं, राजवाडे मंडळ आणि गावोगावचे हौशी अभ्यासक यांनी सुरुवात त्रिमितीपासून करू नये. आधी प्रकाशा, बहाळ, टेकवाडे, कवठे, पाटणे या पाच ठिकाणांच्या प्रसिद्ध झालेल्या छेदचित्रांच्या रेघा उतरवून घ्याव्यात, एकक आणि मूळ पातळी लिहून. जागेवर जाऊन जुन्या खड्ड्यांची स्थानं, गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, चांगल्या जीपीएसने नोंदवावीत. उरलेल्या पांढरीची आजची उंची मोजून ठेवावी, कारण पुढच्या वर्षी ती तितकी नसेल. पुरातत्त्व खात्याकडे क्षेत्रवह्यांच्या स्कॅन प्रतींची लेखी मागणी करावी आणि उत्तर येईपर्यंत दर सहा महिन्यांनी स्मरणपत्र धाडावं. त्यानंतर भिंती उभ्या कराव्यात, नुसत्या भिंती, मधलं सगळं मोकळं ठेवून. ज्याला मधलं भरायचं असेल त्याने ते वेगळ्या लेयरमध्ये भरावं आणि त्या लेयरला स्वतःचं नाव द्यावं.

थापरांचा अहवाल छापील आहे, ग्रंथालयांत मिळतो. प्रकाशापासून सुरुवात करा.